परतीचा चहा

१ फेब्रुवारी, रविवार

पहिली फेरी जिंकले. एकतीस चालींत. समोरच्यानं हत्ती फुकट दिला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की नवरा, भरत, ओट्यावरून धावत आत आला. त्याला वाटलं, विंचू निघाला.

बऱ्याच दिवसांनी ही वही काढली ती या स्पर्धेसाठीच. जुन्नर आणि आंबेगाव, दोन तालुक्यांची मिळून ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा. सोळा खेळाडू, रविवारी दुपारी चार वाजता एक फेरी. शेवटी उरलेले दोघं पुण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार, तिथं खऱ्या पटावर. कॉलेजात असताना मी जिल्ह्याला जाणार होते, नेमके त्याच आठवड्यात डिंगोऱ्याहून या घरचे पाहुणे मला बघायला आले. हे भरतला वर्षातून एकदा ऐकवते. आज दोनदा ऐकवलं.

गेल्या वर्षी ग्रुपवर फार भांडणं झाली. कुणाला पोरीनं हरवलं, कुठल्या गावानं कुठल्या गावाची जिरवली, हेच चालू होतं. म्हणून यंदा पंच ज्ञानेश्वर सरांनी नावंच काढून टाकली. प्रत्येकाला नंबर. मी खेळाडू नऊ. सर दोघांना लिंक पाठवतात, आत जाऊन गुपचूप खेळायचं. नावं उघडणार ती फायनलच्या आधी.

नियम अकरा आहेत. सातवा असा: ‘एकदा केलेली चाल परत घेता येणार नाही.’ हाच नियम मी शाळेतल्या बुद्धिबळाच्या खोलीत भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलाय, त्यामुळे वाचून बरं वाटलं.

जिंकल्याचं सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, सांगायला गेले तर त्या घरात नव्हत्या. शेजारच्या भागूबाईंकडे पापड लाटायला गेल्यात म्हणे. माझं कौतुक ऐकायला या घरात कुणी जागेवर सापडेल तर शपथ.

२ फेब्रुवारी, सोमवार

संस्कृतीही स्पर्धेत होती, कालच्या फेरीत हरली. आठवीतली माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. घोडा उचलला, बोट घसरलं, भलत्याच घरात पडला. मधल्या सुट्टीत डोळे पुसत माझ्याकडे आली.

“बाई, तिथं चाल परत मागायचं बटण व्हतं. मी नाय दाबलं. तुमी सांगितलेलं ना.”

मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, याला म्हणतात खेळाडू. सगळ्या वर्गासमोर म्हणाले. ती रडता रडता हसली. आपल्या शिकवण्याचं कधी नव्हे ते चीज झालं असं वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आणखी एक जिंकले. आता चौघंच उरलो. या वेळी अवघड गेलं. माझा घोडा पुन्हा पटाच्या कडेला जाऊन अडकला. ही माझी जुनी खोड. मामा, म्हणजे माझे सासरे, असते तर म्हणाले असते, “बांधलास का कडंला? आता त्याला वैरन टाक.”

मामांना जाऊन दोन वर्षं होतील. लग्न होऊन आले तेव्हा डोक्यावर पदर घेऊन पहिले आठ दिवस गप्प बसले होते. नवव्या दिवशी मामा पट घेऊन समोर बसले आणि म्हणाले, “खेळतीस म्हनं?” त्या दिवसापासून मी या घरातली झाले. ते पाण्याच्या मोटारीला लाईट यायची वाट बघत मळ्यात बसायचे तेव्हा फोनवर आमचा डाव चालायचा, मी शाळेच्या सुट्टीत, ते विहिरीवर.

मामांचा घरचा नियम वेगळा होता. चाल परत घ्यायची तर घ्या, पण दिवसातून एकदाच. आणि घेणाऱ्यानं सगळ्या घराला चहा करून पाजायचा. परतीचा चहा. पहिल्यांदा मागितली तर समोरच्यानं नाही म्हणायचं नाही, हाही नियमच. मामा तर कधीकधी चहाची तल्लफ आली म्हणून मला मुद्दाम चुकवायचे. आत्या कडेला बसून हुलगे निवडायच्या आणि चहा प्यायच्या. त्यांना त्यातलं काही कळत नसे, पण उठतही नसत.

मामा गेल्यापासून पट कपाटावर आहे. काढायचं धाडस झालं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आत्यांनी मामांच्या फोनला रिचार्ज मारायला सांगितला. भजनं ऐकतात म्हणे. मला तर कधी आवाज आला नाही. कानाला लावून ऐकत असतील.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. फेरी नाही. ज्ञानेश्वर सर भीमाशंकरला स्वयंसेवक म्हणून गेलेत, अर्धे खेळाडूही घाटातल्या गाड्यांच्या रांगेत असणार. साबुदाण्याची खिचडी खाऊन दिवसभर सराव केला. कॉम्प्युटरशी खेळते तेव्हा चुकलं की वळलेल्या बाणाचं बटण दाबायचं, चाल परत. दिवसात पन्नास वेळा दाबलं असेल. त्याला चहा पाजायला लागत नाही हे एक बरं.

भागूबाईंकडे इतके दिवस पापड चाललेत, आमच्या घरी अजून एक आलेला नाही. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, “वाळत्यात.”

२२ फेब्रुवारी, रविवार

जिंकले. फायनलला गेले.

ही दोन वाक्यं लिहून पेन अर्धा तास तसंच धरून बसले आहे. घडलं ते लिहिते.

समोर खेळाडू तेरा. हा माणूस कसलेला आहे. घाई नाही, हाव नाही, एकेक प्यादं जपून पुढं. नक्की कुणीतरी रिटायर्ड मास्तर. पंचविसाव्या चालीपर्यंत मी घामाघूम. मग मला वाट दिसली. वजीर दोन घरं पुढं गेला की त्याचा राजा कोंडला जाणार. मी वजीर ओढला आणि अंगठा घसरला. वजीर एक घर अलीकडेच पडला, बरोबर त्याच्या प्याद्याच्या माऱ्यात.

आणि मी बटण दाबलं. तेच, वळलेल्या बाणाचं. विचार करून नाही दाबलं. पण दाबलं. वर अक्षरं आली: ‘चाल परत मागितली आहे.’

आता मला मागणी मागं घेता आली असती. तेही बटण होतं. मी ते बघितलं आणि दाबलं नाही. हे विचार करून.

घड्याळ त्याचं चालू होतं. प्याद्यानं वजीर उचलायला एक सेकंद पुरला असता. तो अर्धं मिनिट थांबला. मग माझा वजीर जागेवर परत आला.

त्यानंतर अकरा चालींत मी जिंकले.

आत्या पाच वाजता भागूबाईंकडून आल्या. हाताला पीठ नाही, चेहरा उतरलेला. डोकं दुखतंय म्हणाल्या. मग दारात थांबून विचारलं, “जिंकलीस का?”

“हो.”

“कशी?”

“कशी म्हणजे? खेळून.” मी जरा फटकनच बोलले.

“बरं,” म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

या घरात सकाळचा चहा आत्यांचा. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण त्या चुलीजवळ, आणि आता गॅसजवळ, त्यांनी मला सकाळी फिरकू दिलेलं नाही. मी केला की पाणचट होतो म्हणे. आज उठले तर आत्या ओट्यावर हात बांधून बसलेल्या. गॅस बंद.

“बरं नाही का आत्या?”

“बरी हाये. आज चहा तू ठेव. सगळ्यांना.”

ठेवला. दुसरा उपाय काय. भरत म्हणाला, पाणचट आहे. आत्या मात्र सगळा प्यायल्या, कप स्वतः धुऊन पालथा घातला आणि म्हणाल्या, “झालं.” काय झालं ते काही सांगितलं नाही. कालच्या फटकन बोलण्याचा राग असणार. म्हातारी माणसं मनात धरतात.

शाळेत ग्रुपवरची बातमी पोहोचली होती, खेळाडू नऊ फायनलला. संस्कृतीला माझा नंबर माहीत आहे. तिनं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मागं भिंतीवर माझी लाल अक्षरं. मी खडू शोधायचं निमित्त करून टेबलाखाली वाकले आणि टाळ्या थांबेपर्यंत वर आले नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभर स्वतःची वकिली केली. बटण चालू होतं, ही पंचांची चूक. नियमात ‘घेता येणार नाही’ आहे, ‘मागता येणार नाही’ असं कुठं आहे? आणि मी काही हिसकावून घेतली नाही, त्यानं राजीखुशीनं दिली. शिवाय मला ती चाल खेळायचीच नव्हती, अंगठ्यानं खेळली.

सगळं बरोबर आहे. संस्कृतीचा घोडासुद्धा बोटानंच खेळला होता, एवढंच मध्ये येतं.

संध्याकाळी भाकरी करताना आत्यांना सहज विचारलं, “मामांकडे कुणी चाल परत मागितली आणि मामांनी नाही म्हटलं, असं कधी झालं का?”

आत्या परात पुसत होत्या. म्हणाल्या, “घरात मागितली तर द्यायचीच. भायेर कुनी मागूच नये. समोरच्यानं काय करावं मग? नाय म्हनावं तर वाईट, दिली तर हारायचं.”

त्यांना काय कळतंय, म्हणून मी सोडून दिलं. पण भाकरी करपली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आत्यांचं बोलणं डोक्यातून जात नाही. बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसलेल्या बाईनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. चूक अंगठ्याची नव्हती. मागण्याची होती. तो तेरा नंबर भला माणूस, म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही. मी त्याच्या भलेपणावर फायनलला गेले. त्याच्या जागी एखादा खवट माणूस असता तर मी कधीच हरले असते आणि आज शांत झोपले असते.

जिल्ह्याला जायचंय. फार वर्षांपासून जायचंय. आणि अशी गेले तर त्या खोलीत परत पाय ठेवायला तोंड राहणार नाही. भिंत पांढरी करून घ्यावी लागेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

आधी शाळेत. मुलांना बुद्धिबळाच्या खोलीत बसवलं आणि जसं घडलं तसं सांगितलं. मागणी मागं घेता येत होती, ती घेतली नाही, तेसुद्धा. चाळीस डोळे माझ्याकडे. संस्कृती खाली बघत होती. मग तिनं विचारलं, “म्हंजी बाई, तुमी हारलात?”

“हो. सरांना फोन करायचा राहिलाय, पण हरलेच.”

“माज्यासारख्याच.”

“तुझ्यासारखी नाही गं. तू त्याच दिवशी हरलीस. मला चार दिवस लागले.”

ती हसली. मी तिथून बाहेर पडून पटांगणातल्या चिंचेखालून ज्ञानेश्वर सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“अवो बाई, ते बटन मीच बंद करायला इसरलो. मैत्रीच्या डावाची लिंक केली की ते चालूच ऱ्हातं. चूक माझी हाये. आपण असं करू, डाव पुन्हा लावू.”

“नको सर. बटणाची चूक तुमची, दाबण्याची माझी. वजीर त्याच घरात आहे असं धरा. तिथून मी डाव सोडते.”

“बघा बरं का. जिल्ह्याची संधी हाये.”

“माहीत आहे सर.”

“आन देणाऱ्याचं काय करायचं? परत द्यायची नाय असं मी नियमात लिवलंच न्हाई.”

“त्यांना काही करायचं नाही. तो नियम पुढच्या वर्षी लिहा.”

दहा मिनिटांनी सरांचाच फोन आला. हसत होते. “तेरा नंबरला कळवलं. तिकडून काय उत्तर आलं म्हाईत हाये? ‘मला ठावं व्हतं फोन येनार.’ एवढंच बोलून फोन ठिवला.”

कोण माणूस आहे हा? माझ्याबद्दल याला काय ठाऊक?

पण खरं सांगू का, फार विचार केला नाही. स्कूटीवरून घरी येताना मोठ्यानं गाणं म्हणत आले. बिबट्याच्या भीतीनं उसाच्या कडेनं आम्ही नेहमी हॉर्न वाजवत येतो, आज गरज पडली नाही. एवढं हलकं मला परीक्षेचा निकाल लागल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. घरी आले, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हरलेल्या बाईला एवढी भूक लागते हे माहीत नव्हतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा शब्दन् शब्द लिहून ठेवते.

संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात. आत्या लसूण सोलत होत्या. भरत फोन बघत म्हणाला, “आली गं तुमची नावं. फायनल. खेळाडू चार, कुंडलिकराव, लोणी. खेळाडू तेरा...” आणि थांबला.

“कोण? मास्तर आहे ना कुणीतरी?”

“आयला,” भरत म्हणाला.

“अरे वाच की.”

त्यानं फोनच माझ्यासमोर धरला. सरूबाई रखमाजी, पुढं आमचंच आडनाव, गाव डिंगोरे.

मी वर बघितलं. आत्या लसूण सोलतच होत्या.

“आत्या?”

“हं.”

“तुम्ही?”

“मग काय भागूबाई? तिला घोडा न् उंट सारखाच. तिच्या घरी वायफाय चांगलं हाये म्हनून जात व्हते.”

“पापड?”

“पापड कसलं नि काय.”

भरत खाली बसला. “आये, तुला खेळता कधी यायला लागलं?”

“तुझा बाप दुपारी काय करत व्हता मग? ही शाळंत, तू शेतात. मला म्हनायचा, ये गं, बस समोर. धा वरसं बसले. शेवटी शेवटी तर मीच जिकायचे. म्हनायचा, अक्षदाला नको सांगू, माझी अब्रू जाईल.” आत्यांनी सालं फुंकून उडवली. “नाय सांगितलं.”

मला हसू येत होतं आणि रडूही. विचारलं, “तुम्ही मला ओळखलं होतं? डावात?”

“घोडा कडंला बांधलास तवाच वळखलं. आन मग ते परत मागितलेलं आलं. म्हनलं आता काय करावं. नियम वाचला व्हता मी, सातवा. पन तू पहिल्यांदा मागत व्हतीस. त्यांच्या पटावर पहिल्यांदा मागितली तर नाय म्हनत नसत्यात. हात उचललाच न्हाई माझा.” मग जरा थांबून, “दिली. आन दुसऱ्या दिवशी तुज्याकडून चहा घेतला.”

सोमवार. गॅस बंद, हात बांधून बसलेल्या आत्या, ‘सगळ्यांना’, धुऊन पालथा घातलेला कप आणि ‘झालं’. मी गणिताची शिक्षिका आहे आणि मला एवढी बेरीज आली नाही.

“मग तेव्हाच का नाही बोललात मला? मी चार दिवस तळमळले.”

“घरचा हिशेब चहावर मिटला. भायेरचा तू मिटवायचा व्हतास, मी कशाला बोलू?” आत्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “सांगशील हे म्हाईत व्हतं मला. चार दिस लागले एवढंच.”

मी उठून त्यांच्या पाया पडले. एरवी दिवाळीला पडते. त्या म्हणाल्या, “ऊठ, लसनाची सालं लागतील साडीला.”

१ मार्च, रविवार

फायनल घरीच झाली, ओट्यावर, आमच्याच मोबाईल डेटावर. आता लपवायचं काय? भागूबाई शेजारी बसून होत्या, त्यांना काही कळत नव्हतं पण श्वास रोखून होत्या. मला आत्यांनी सक्त ताकीद दिली होती, “एक शबूद बोललीस तर घरात घेनार नाय.” मी तोंडात पदर धरून दीड तास बसले. सरांनी या वेळी बटण आधी बंद केलं होतं, दोनदा फोन करून सांगितलं.

आत्या जिंकल्या. कुंडलिकरावांचा लोणीहून फोन आला, “बाई, लई दिसांनी असा डाव झाला. कुनाकडं शिकलात?” आत्या म्हणाल्या, “घरीच,” आणि फोन माझ्याकडे देऊन तोंड धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या.

पुण्याला आत्यांबरोबर मीच जाणार आहे, डबा आणि घड्याळ सांभाळायला. जिल्ह्याची स्पर्धा बघणार तरी. पुढच्या वर्षी खेळेन. मनात खरंच काही सलत नाही, दोनदा चाचपून बघितलं.

पण खऱ्या पटाची आत्यांना दोन वर्षांत सवय राहिलेली नाही. म्हणून सगळे गेल्यावर भरतनं स्टूल घेऊन कपाटावरचा मामांचा पट खाली काढला. मी धूळ पुसली. एक काळं प्यादं हरवलंय, त्याजागी आत्यांनी चिंचोका ठेवला. मी पांढरी, त्या काळ्या. मामांच्या जागेवर आत्या बसल्या.

विसाव्या चालीला मी उंट हलवला, हात सोडला, आणि बघते तर हत्ती उघडा पडला होता. हात पटावर तसाच राहिला. मागायची नाही असं मी ठरवलेलं, ओठ घट्ट मिटून बसले.

आत्यांनी हत्तीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“मागत का नायस?” त्या म्हणाल्या. “घर हाये हे. घे परत. पातेलं घासून ठेवलंय, दूध बी तापवलंय.”